तिबेटीवरून हरवलेले संस्कृत परत मिळते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पालीत एम.ए. केले आहे, संस्कृत बऱ्यापैकी येते. मूळ संस्कृत हरवलेले बौद्ध ग्रंथ तिबेटी भाषांतरांवरून पुन्हा तयार करता येतात असे वर्गात ऐकले. हे कितपत खरे? कंग्युरची कोणती आवृत्ती प्रमाण धरायची? आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तिबेटी शिकायला घेणे शहाणपणाचे आहे का?"

आधी दोन शब्द: कंग्युर म्हणजे तिबेटीत भाषांतरित झालेल्या बुद्धवचनांचा संग्रह, आणि त्याच्या जोडीचा तेंग्युर म्हणजे आचार्यांच्या ग्रंथांचा आणि टीकांचा. आता शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते सोपे आहे. घ्या शिकायला. मी एकतिसाव्या वर्षी घेतली, तेव्हा घरात दोन वर्षांचे मूल होते. लिपीला मराठी माणसाला दोन आठवडे पुरतात. वर्णमाला आपल्याच घरातली: क ख ग ङ, मग च छ ज ञ, मग त आणि प वर्ग. त्यापुढे त्स, त्स्ह, द्झ अशी तीन अक्षरे येतात आणि हिंदीभाषक विद्यार्थी तिथे अडखळतात. आपण नाही. चहातला च आणि चुलीतला च आपण बोबडे बोलायच्या वयापासून वेगळे उच्चारतो, लिहितो मात्र एकच. तिबेट्यांनी नेहमीच्या च ला वरच्या कोपऱ्यात एक छोटा फाटा काढून चुलीतल्या च साठी वेगळे अक्षर केले. गंमत पुढेच आहे. संस्कृत शब्द तिबेटीत उतरवताना संस्कृत च साठी त्यांनी हे चुलीतले अक्षर वापरले. चर्या झाली त्सर्या, वज्र झाले बद्झ्र. भारतातल्या ज्या पंडितांकडून हे लोक शिकले, त्यांच्या तोंडून त्यांना काय ऐकू आले असेल त्याचा हा अंदाज करून पाहा.

त्रास होतो तो शुद्धलेखनाचा. एका क्रियापदाच्या भूतकाळी रूपात ब-स-ग-र-उ-ब-स असे लिहायचे आणि म्हणायचे जेमतेम 'डुप्'. लिखाण हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे, उच्चार आजचा. दीड-दोन वर्षे रोज तासभर दिला की हे अंगवळणी पडते.

आता मुख्य प्रश्न. परत मिळते का? शब्द बऱ्याच वेळा मिळतात. वाक्य क्वचित मिळते. श्लोक जवळजवळ कधीच नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या गुरूंनी मला हे फार लवकर आणि जरा निर्दयपणे शिकवले. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्यांनी एका श्लोकाची तिबेटी ओळ फळ्यावर लिहिली आणि म्हणाले, "संस्कृत करून आण." ग्रंथाचे नाव सांगितले नाही. ओळ नऊ अक्षरांची होती, उच्चारी अशी:

दे-शेक छो-क्यि कु-ङा से-चे दङ

'दे-शेक' म्हणजे सुखाने गेलेला, अर्थात सुगत. 'छो-क्यि कु' म्हणजे धर्माचे शरीर, धर्मकाय. 'ङा' म्हणजे ज्याच्यापाशी आहे असा. 'से' म्हणजे पुत्र, आदराने म्हटलेला. 'चे' म्हणजे सह. मी रात्रभर बसून केले: धर्मकायवतः सपुत्रान् सुगतान्. व्याकरण ठीक, अर्थ ठीक, आणि मी खूश. दुसऱ्या दिवशी गुरूंनी बोधिचर्यावताराची, म्हणजे शांतिदेवाच्या बोधिसत्त्वाच्या आचरणावरच्या संस्कृत काव्याची, प. ल. वैद्यांनी संपादलेली १९६० सालची दरभंग्याची आवृत्ती पुढे ठेवली. शांतिदेवाची पहिलीच ओळ:

सुगतान् ससुतान् सधर्मकायान्

माझ्या ओळीत सगळे शब्द होते आणि शांतिदेव नव्हता. तो स-स-स चा ठेका गेला, हे एक. पण खरी गोष्ट त्या 'स' मध्ये आहे. 'सधर्मकायान्' म्हणताना संस्कृतात धर्मकायासह असाही अर्थ निघतो, म्हणजे नमस्कार सुगतांना, त्यांच्या पुत्रांना आणि धर्मकायालाही; बुद्ध, संघ आणि धर्म तिघे एका ओळीत येतात. तिबेटी भाषांतरकाराने 'ङा' वापरून निकाल देऊन टाकला: धर्मकाय ज्यांच्यापाशी आहे अशा सुगतांना. चूक म्हणता येणार नाही. पण मूळचे दार उघडे होते, ते त्याने लोटले, आणि मी तर कडीच घातली. त्याच श्लोकाच्या तिसऱ्या चरणात 'सुगतात्मज' आहे. तिथेही तिबेटीत 'से'च. सुत असो, आत्मज असो, पुत्र असो, तिबेटीत एकच शब्द. उलट दिशेने येताना कोणता निवडायचा हे तुम्हाला तिबेटी सांगूच शकत नाही. वृत्त जुळवायचे असेल तर आणखी पंचाईत, कारण तिबेटी पद्यात ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही, फक्त अक्षरे मोजतात.

मग 'शब्द मिळतात' असे मी कशावरून म्हणते? कारण नवव्या शतकाच्या सुरुवातीला तिबेटच्या राजदरबाराने भाषांतराचे नियम ठरवून दिले. इ.स. ८१४ च्या सुमाराचे फर्मान आहे आणि त्याच काळातला महाव्युत्पत्ती नावाचा संस्कृत-तिबेटी शब्दकोश आहे, साडेनऊ हजारांच्या आसपास नोंदींचा. पारिभाषिक शब्द कसा भाषांतरित करायचा हे सरकारी हुकमाने ठरले. त्यामुळे तथागत, स्कंध, प्रतीत्यसमुत्पाद हे शब्द तिबेटीतून डोळे मिटून ओळखता येतात. पण या ठरलेल्या शब्दांतही एक बाजू घेतलेली असते. अर्हत् चे उदाहरण घ्या. संस्कृतात अर्ह् म्हणजे योग्य असणे, पूज्य असणे. तिबेट्यांनी घेतला 'डा-चोम-पा', शत्रूला नमवणारा. ही व्युत्पत्ती तुम्हाला कुठून ओळखीची वाटते? शेजारच्या जैन कुटुंबात रोज सकाळी म्हटल्या जाणाऱ्या 'णमो अरिहंताणं' मधला हा अरिहंत. अरि मारणारा. भारतातच चालत असलेली एक फोड तिबेटी परिभाषेत कायमची बसली, आणि 'योग्य' हा अर्थ मागे राहिला.

हरवलेला ग्रंथ परत उभा करण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग दिङ्नागाच्या प्रमाणसमुच्चयाचा. भारतीय तर्कशास्त्राचा हा पायाचा दगड, आणि संस्कृत मूळ नाही. तिबेटीत त्याची दोन भाषांतरे आहेत, एक वसुधररक्षिताच्या नावचे, एक कनकवर्मनाच्या, आणि दोन्ही शेजारी ठेवली तर कित्येक ठिकाणी ती एकाच ग्रंथाची आहेत यावर विश्वास बसत नाही. १९३० मध्ये म्हैसूरच्या एच. आर. रंगस्वामी अय्यंगारांनी पहिल्या परिच्छेदाचे संस्कृत रूप तयार करून छापले. त्या काळी दुसरे काही हाताशी नसताना ते मोठे धाडस होते. जैन मुनी जंबूविजयजींनी तर नयचक्र या जैन तर्कग्रंथाच्या संपादनासाठी म्हणून तिबेटी शिकून घेतली आणि दिङ्नागाचे तुकडे पडताळले. पण पहिल्या परिच्छेदाचा पाठ खऱ्या अर्थाने हाती येऊ लागला तो २००५ नंतर, जेव्हा तिबेटात जपून राहिलेल्या ताडपत्रांवरून प्रमाणसमुच्चयावरच्या जिनेंद्रबुद्धीच्या टीकेचा पहिला परिच्छेद संस्कृतात छापला गेला. टीकाकार मूळचे शब्द उचलून त्यावर बोलतो, म्हणून मूळचे शब्द मिळाले. म्हणजे पुन्हा संस्कृतच हवे होते. तिबेटीने वाट दाखवली, त्या शब्दांचा क्रम लावायला मदत केली, शंका मिटवल्या. एकट्या तिबेटीवर ते घर उभे राहिले नसते. कोणी तुम्हाला नुसत्या तिबेटीवरून केलेले संस्कृत 'मूळ ग्रंथ' म्हणून दाखवले, तर नम्रपणे पान उलटा.

कंग्युर-तेंग्युरच्या आवृत्त्यांकडे वळण्याआधी पुष्पिकेबद्दल, म्हणजे ग्रंथाच्या शेवटच्या नोंदीबद्दल, सांगितलेच पाहिजे, कारण नवखे लोक नेमके तेच वाचत नाहीत. आपल्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया' म्हणून हात वर करतो. जसे दिसले तसे लिहिले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नका. तिबेटी भाषांतराची पुष्पिका याच्या उलट स्वभावाची. ती कोणी काय केले त्याचा हिशेब देते. बोधिचर्यावताराचीच पाहा. तेंग्युरात तिच्यात असे आहे: भारतीय उपाध्याय सर्वज्ञदेव आणि लोचावा, म्हणजे भाषांतरकार, पल्त्सेक यांनी काश्मीरच्या प्रतीवरून हे तपासून निश्चित केले. नंतर धर्मश्रीभद्र, रिन्छेन झांगपो आणि शाक्य लोडो यांनी मध्यदेशाच्या प्रतीशी आणि टीकेशी जुळवून ते दुरुस्त केले, भाषांतरित केले आणि निश्चित केले. त्याहीनंतर सुमतिकीर्ती आणि लोदेन शेराब यांनी पुन्हा शुद्ध केले.

तीन पिढ्या, किमान दोन वेगवेगळ्या प्रांतांतल्या संस्कृत प्रती, आणि मध्ये एक टीका. पल्त्सेक नवव्या शतकाच्या आरंभाचा, रिन्छेन झांगपो ९५८ ते १०५५ चा, लोदेन शेराब अकराव्या शतकाच्या अखेरचा. आता सांगा, या तिबेटीवरून तुम्ही 'मूळ' परत मिळवलेत तर ते कोणाचे मूळ? काश्मीरचे की मगधाकडचे? की टीकाकाराला जसे दिसले तसे?

हा केवळ शंकासुराचा प्रश्न नाही. १९०० साली चीनच्या वायव्येला तुन्हुआंगला वांग युआनलू नावाच्या ताओ साधूला एका गुहेत भिंतीआड बंद केलेले पोथ्यांचे भांडार सापडले. ब्रिटनचे संशोधक स्टाइन १९०७ मध्ये आणि फ्रान्सचे पेलियो १९०८ मध्ये तिथे पोचले. म्हणून आज त्यातला मोठा भाग लंडन आणि पॅरिसला आहे. हे भांडार अकराव्या शतकाच्या सुरुवातीस बंद झाले, त्यामुळे आतल्या तिबेटी पोथ्या नंतरच्या शुद्धीकरणातून सुटल्या. त्यांत बोधिचर्यावतार आहे, पण तेंग्युरातला नव्हे. दहाऐवजी नऊ परिच्छेद, नऊशेच्या वर श्लोकांऐवजी सातशेच्या आसपास, आणि कर्त्याचे नाव शांतिदेव नाही, अक्षयमती. वैद्यांच्या संस्कृत आवृत्तीशी जुळतो तो तेंग्युरातला मोठा पाठ. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो तेच भारतात वाढत गेले होते, आणि त्याची आधीची अवस्था आपल्याला दिसते ती फक्त वाळवंटात राहिलेल्या तिबेटी पोथीत. तिबेटीचे खरे मोल मला इथे वाटते. तिला साक्षीला बोलवा, उलटतपासणी घ्या, पण खटल्याचा निकाल तिच्या तोंडून लिहून घेऊ नका.

प्रमाण आवृत्तीचे उत्तरही यातूनच निघते. अशी आवृत्ती नाही. संदर्भ देण्यासाठी सगळे पूर्व तिबेटातल्या देर्गेची छापील आवृत्ती वापरतात. तिचा कंग्युर १७२९ ते १७३३ दरम्यान सितु पंछेन छोक्यी जुङने यांच्या संपादनाखाली लाकडी ठशांवर कोरला गेला आणि तेंग्युर त्यानंतर १७४४ पर्यंत. जपानच्या तोहोकु विद्यापीठाने १९३४ मध्ये त्याची सूची केली, तिचे क्रमांक आज पत्त्यासारखे चालतात: बोधिचर्यावतार म्हणजे तोहोकु ३८७१. पण देर्गे सोयीची आहे म्हणून ती शुद्ध ठरत नाही. सितु पंछेन विद्वान होते, त्यांनी लिथंगचा छापील कंग्युर आणि एक हस्तलिखित परंपरा दोन्ही समोर ठेवून जो पाठ चांगला वाटला तो घेतला. वाचायला छान, पण दोन वंशांचे रक्त एकत्र झाले. कंग्युरचे दोन मोठे वंश मानतात, त्सल्पा आणि थेम्पाङमा, दोन्ही चौदाव्या-पंधराव्या शतकातले. स्पितीतल्या ताबो मठाच्या जुन्या पोथ्यांसारखे काही साक्षीदार या दोन्हींच्या बाहेर राहतात. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना काश्मीरकडच्या शारदा लिपीतल्या प्रतींना जो मान दिला तो कशामुळे, हे तुम्हाला ठाऊक असेल तर इथले गणित वेगळे शिकावे लागणार नाही. गुळगुळीत पाठापेक्षा खडबडीत पाठावर आधी विश्वास ठेवा.

भांडारकरचा उल्लेख आला म्हणून पुण्याविषयी दोन शब्द, कारण हे शास्त्र म्हणजे परदेशी मंडळींचे काम असा आपल्याकडे समज आहे. राहुल सांकृत्यायन १९२९ ते १९३८ दरम्यान चार वेळा तिबेटात गेले. साक्य, ङोर, शालु या मठांत त्यांना संस्कृत ताडपत्रे दिसली. काही उतरवून घेतली, काहींची छायाचित्रे काढली. ती छायाचित्रे पाटण्याला आली. काही इतकी धूसर की एकेका अक्षरासाठी भिंग घेऊन दिवस जातो. फर्ग्युसनच्या वा. वि. गोखल्यांनी त्यांतून वसुबंधूच्या अभिधर्मकोशाच्या कारिका १९४६ मध्ये छापल्या. ङोरच्या ताडपत्रांच्या छायाचित्रांवरून आणि नेपाळमधल्या एका कागदी प्रतीवरून गोखले आणि दा. ध. कोसंबी यांनी विद्याकराचा सुभाषितरत्नकोश संपादला, १,७३८ श्लोकांचा. तो १९५७ मध्ये हार्वर्डहून निघाला. पु. वि. बापटांनी विमुक्तिमार्ग या ग्रंथाचे तिबेटीत उरलेले धुतगुणांचे, म्हणजे भिक्षूंच्या खडतर व्रतांचे, प्रकरण १९६४ मध्ये भाषांतरासह प्रसिद्ध केले. पाली जाणणाऱ्याने तिबेटीला हात घातला की काय होते ते पाहायचे असेल तर बापट वाचा. विशुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या ओळखीमुळे त्यांना जे दिसले ते नुसत्या तिबेटीवाल्याला दिसले नसते.

प्रत्यक्ष पोथी हाती येईल तेव्हाच्या काही गोष्टी. तिबेटी पेचा म्हणजे लांबट सुटी पाने, ताडपत्राच्या आकाराची आठवण ठेवून कागदाची केलेली, दोन फळ्यांत दाबून कापडात बांधलेली. आपल्या पोथीच्या बासनासारखेच; फक्त एका टोकाला कापडी पट्टी लोंबत असते, तिच्यावर खंडाचे अक्षर, कारण खंडांना आकड्यांऐवजी क, ख, ग अशी अक्षरे देतात. कागद पुष्कळदा एका विषारी झुडपाच्या मुळांचा, म्हणून त्याला कसर लागत नाही. आपल्या कोकणातल्या पोथ्या आठवून मला याचा हेवा वाटतो. बासन जमिनीवर ठेवू नका, त्यावरून ओलांडू नका, पान उलटताना बोट जिभेला लावू नका. भिक्षू पोथी डोक्याला लावून देतो, तुम्हीही तशीच घ्या. हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही म्हणा.

हस्तलिखितांत उमे ही जलद लिपी भेटली की घाबरू नका. मोडीत राजश्रीचे 'रा।' होते, तसे तिथे 'टाशी' हा दोन अक्षरांचा शब्द आकसून एकच होतो. प आणि ब, ङ आणि द यांची गल्लत तर छापील प्रतींतही सरसकट आहे. बालबोधीत घ-ध आणि भ-म मुळे डोळे फोडलेल्यांना ती नवी नाही. जुन्या पोथीत 'मि' ऐवजी 'म्यि' लिहिलेले किंवा इकार उलटा काढलेला दिसला तर लगेच 'नवव्या शतकातली' असे टिपून ठेवू नका. नंतरचा लेखनिक जुन्या प्रतीची प्रामाणिक नक्कल करत असू शकतो.

माझी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे तुमची टळेल. पहिल्यांदा एका गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, जाऊन जवळपास दोनशे पानांच्या खंडाची छायाचित्रे काढली. पुण्यात आमच्या हाताखालून गेलेल्या पोथ्यांत पानाचा आकडा मागच्या बाजूला. त्या सवयीने मी आकडा दिसला ती मागची बाजू असे धरून नावे दिली. पेचात तो पुढच्या बाजूला असतो, डाव्या समासात, तोही आकड्यात नाही, अक्षरी लिहिलेला. परत आल्यावर माझा प्रत्येक संदर्भ एका बाजूने सरकलेला निघाला. वर मध्ये एकच क्रमांक दोन पानांना होता. तिबेटी लेखनिक अशा वेळी एकाला 'वरचे' आणि दुसऱ्याला 'खालचे' असे लिहून मोकळा होतो. ते शब्द मला तेव्हा ओळखू आले नाहीत आणि मी दुसरे पान नकली समजून बाजूला काढले. पूर्ण उन्हाळा ते निस्तरण्यात गेला.

तुम्हाला पाली येते म्हणून सुरुवात कुठून करावी तेही सांगते. देर्गेत तोहोकु ३१ ते ४३ हे तेरा ग्रंथ उशिरा, चौदाव्या शतकाच्या आरंभी, आनंदश्री आणि ञिमा ग्याल्छेन यांनी भाषांतरित केले आणि ते थेरवादी परंपरेतले आहेत. बुद्धाचे पहिले प्रवचन, धम्मचक्कप्पवत्तन, त्यांत आहे. पाली सुत्त तुम्हाला तोंडपाठ असणारच. शेजारी तिबेटी ठेवून वहीत हाताने उतरवा, एक ओळ पाली, एक ओळ तिबेटी. ते झाले की बोधिचर्यावताराचा पहिला परिच्छेद, ३६ श्लोकांचा, वैद्यांच्या संस्कृतासह. तिथे तिबेटी आधी झाका आणि संस्कृतावरून ती ओळखायचा प्रयत्न करा, म्हणजे भाषांतरकाराने कुठे दार लोटले ते तुमचे तुम्हाला दिसेल. आणि वहीत प्रत्येक ओळीपुढे खंडाचे अक्षर, पान, बाजू आणि ओळ लिहा. बाजू विसरू नका.